घाणा आला, तेल कधी?

नमस्कार श्रोतेहो.

पत्र्याची शेड, ताडपत्रीखाली झाकलेलं यंत्र, त्याच्यावर पूजेच्या दिवशी लावलेलं हळदीकुंकू तसंच वाळलेलं, आणि दाराला कुलूप. अशी शेड तुमच्या ओळखीच्या कुणाची तरी असेल, कदाचित तुमचीच असेल. अशा माणसाला आपल्याकडे पटकन ‘आरंभशूर’ म्हणून टाकतात. हा शब्द फार अन्यायाचा आहे. उत्साह संपला म्हणून बंद पडणारे उद्योग थोडे. बहुतेक उद्योग ठरलेल्या चार-पाच ठिकाणी अडतात, आणि ती ठिकाणं आधी माहीत असली तर वाट काढता येते. ती नेमकी दिसावीत म्हणून आज एकच उदाहरण घेऊ: शेंगदाणा तेलाचा लाकडी घाणा.

पहिली चूक होते ती काम पूर्ण झालं असं कधी म्हणायचं, हे न ठरवल्यामुळे. ‘घाणा बसवायचा’ असं मनात धरलं की घाणा बसतो आणि मन मोकळं होतं. त्याऐवजी कागदावर असं लिहा: ‘एक लिटरच्या 100 बाटल्या, लेबलसकट विकल्या, पैसे खात्यात जमा.’ शेजारी तारीख लिहा. दिवाळीच्या फराळाचं गिऱ्हाईक धरायचं असेल तर ही तारीख घटस्थापनेची हवी.

आता याच वाक्यावरून उलटं मोजत या. तेल पाण्यापेक्षा हलकं, एक लिटर म्हणजे साधारण 910 ग्रॅम. 100 लिटरला 91 किलो तेल लागलं. 100 किलो शेंगदाण्यातून 40 किलोच्या आसपास तेल धरलं, तर दाणे लागले सव्वादोनशे ते अडीचशे किलो. एका वेळी 20 किलो घेणारा घाणा असेल तर बारा-तेरा वेळा भरावा लागेल, म्हणजे दोन दिवसांचं काम. श्रोतेहो, ज्या कामापाशी सहा-सहा महिने गाडी अडते, ते प्रत्यक्षात दोन दिवसांचं आहे. अडतं ते त्याच्या आधीचं.

आधीचं म्हणजे वीज, अन्नसुरक्षेचा परवाना आणि यंत्र. लोक ही कामं एकामागून एक करतात: यंत्र आलं की विजेचं बघू, वीज आली की परवान्याचं बघू. तिन्ही अर्ज एकाच आठवड्यात गेले पाहिजेत. घाण्याची मोटर तीन अश्वशक्तीची आणि थ्री फेजची असेल, आणि शेडमध्ये सिंगल फेजच असेल, तर यंत्र येऊन नुसतं उभं राहतं. महावितरणकडे अर्ज करताना मोटरचा भार, जागेचा उतारा किंवा भाडेकरार आणि मालकाची संमती जोडा. कोटेशन आलं की त्याच दिवशी भरा. खांब लांब असेल तर खर्च आणि वेळ दोन्ही वाढतात, म्हणून यंत्राला ॲडव्हान्स देण्याआधी वायरमनला जागेवर आणून विचारून घ्या.

यंत्रवाल्याशी बोलताना दोन गोष्टी त्याच्या कोटेशनवर लिहून घ्या. एक, वॉरंटी बिलाच्या तारखेपासून नको, यंत्र चालू करून दिल्याच्या तारखेपासून हवी. दोन, शेवटची दहा टक्के रक्कम तुमच्या जागेवर, तुमच्याच दाण्यांची चाचणी झाल्यावर देणार. ही रक्कम हातात असली की मेकॅनिक वेळेवर येतो.

पैशाकडे मात्र जास्त वेळ थांबू या, कारण सर्वांत जास्त शेड इथेच बंद होतात. यंत्राचं कर्ज यंत्रापुरतं असतं. दाणे कशातून आणणार? हिशेब करा. रोज फक्त 50 किलो दाणे गाळायचे, किलोला 120 रुपये धरले, महिन्याचे 25 दिवस धरले, तर दीड लाख रुपये दाण्यातच गेले. दुकानदार महिन्याच्या उधारीवर माल ठेवतो, त्यात दाण्यांचा साठा आणि तेल निवळायचे दिवस धरले की पैसा फिरून यायला दीड महिना जातो. म्हणजे सव्वादोन लाख रुपये सतत अडकलेले राहणार. पेंड रोखीने विकली जाते, तिचा थोडा आधार होतो, पण शेडच्या फरशीवर आणि रंगावर खर्च करताना हे सव्वादोन लाख बाजूला काढून ठेवलेले हवेत. बँकेकडे जाताना यंत्राच्या मुदत कर्जाबरोबर खेळत्या भांडवलाचा, म्हणजे दाण्यांत अडकणाऱ्या या पैशाचा, अर्जही त्याच दिवशी द्या.

अनुदानाबद्दलही स्पष्ट सांगायला हवं. केंद्राची सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीची योजना 2020 साली सुरू झाली. तिच्यात पात्र खर्चाच्या 35 टक्के, जास्तीत जास्त 10 लाख रुपये अनुदान ठेवलं गेलं. पण ते पैसे हातात येत नाहीत. ते बँकेत तुमच्या नावाने राखून ठेवले जातात, आणि उद्योग चालू असला, कर्जखातं नियमित असलं तर तीन वर्षांनी कर्जात वळते होतात. ‘अनुदान आलं की दाणे घेऊ’ असं ठरवणाऱ्याचा घाणा फिरतच नाही.

आता चाचणी. नवा घाणा पहिल्या दिवशी विकण्याजोगं तेल देत नाही, हे माहीत नसलं की माणूस घाबरतो. नवं लाकूड सुरुवातीला तेल पितं, उतारा कमी पडतो. दाणे फार कोरडे असले की भुगा होतो, पेंड बसत नाही, म्हणून पाण्याचा हबका मारावा लागतो. हा हबका जास्त झाला तर तेल गढूळ येतं आणि पेंडीला बुरशी धरते. किती पाणी, कधी मारलं, तेल किती आलं, हे प्रत्येक वेळी वहीत लिहा. दहा वेळा लिहिलंत की तुमच्या दाण्याचं आणि तुमच्या घाण्याचं प्रमाण सापडतं. बुरशीचे, काळे पडलेले दाणे निवडून फेकाच, त्यातलं विष डोळ्यांना दिसत नाही. तेल दोन-तीन दिवस निवळू द्या, वरचं हलक्या हाताने काढा.

लेबलाशी आणखी एक मोठी अडचण येते. पाच हजार लेबलं स्वस्त पडतात म्हणून आधीच छापली जातात, आणि अन्नसुरक्षा परवान्याचा क्रमांक नंतर येतो. मग गठ्ठा वाया. क्रमांक हातात आल्यावरच छापा, आणि पहिल्या खेपेला 500 च. लेबल हातात धरून एकेक बोट ठेवत तपासा: निव्वळ वजन, बॅच, पॅकिंगची तारीख, कधीपर्यंत वापरावं, सर्व करांसह किंमत, पत्ता, तक्रारीसाठी फोन, हिरवी खूण, पोषणमूल्यं, आणि शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्यांसाठी सूचना. वजनकाट्यावर वैधमापन विभागाची मोहोर हवी. आणि खाद्यतेल सुटं विकायला कायद्याने बंदी आहे, तेव्हा शेजारणीच्या किटलीत ओतून सुरुवात करायचा मोह आवरा.

हे सगळं एकट्याने धरून ठेवणं अवघड जातं. म्हणून एक सोबती धरा: बचत गटातली ताई, दुसरा एखादा उद्योजक. दर सोमवारी वीस मिनिटं. गेल्या सोमवारी काय करायचं ठरलं होतं, झालं का? नाही तर कुणापाशी अडलंय? येत्या सोमवारपर्यंत कोणतं एक काम? ‘विजेचं बघतो’ हे उत्तर चालणार नाही. ‘बुधवारी अकरा वाजता उपविभाग कार्यालयात जाऊन अर्जाचा क्रमांक घेतो’ हे चालेल. आणि 100 बाटल्यांचे पैसे येईपर्यंत डोक्यात येणाऱ्या दुसऱ्या धंद्यांची, मसाल्याचं कांडप, मिरची, पापड यांची, नावं वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवायची. तिथे ती सुरक्षित राहतात.

कधी कधी हिशेब सांगतो की हा धंदा इथे बसत नाही. भावात दाणे मिळत नाहीत, गिऱ्हाईक नाही. मग तो रीतसर बंद करणं हेही काम पूर्ण करणंच आहे, त्यात कमीपणा नाही. फक्त कुलूप लावून निघून जाऊ नका. जीएसटी क्रमांक घेतलेला असेल तर उलाढाल शून्य असली तरी विवरणपत्र भरावं लागतं, उशिराला दिवसाला 20 रुपये शुल्क लागतं, म्हणून नोंदणी रद्द करण्याचा अर्ज करा. महावितरणला कळवून जोडणी बंद करा, अनामत मागा. बँकेला हप्ता चुकण्याआधी सांगा. आणि घाणा विकायचा असेल तर तो चालू अवस्थेत, खरेदीदारासमोर दाणे गाळून दाखवून विका. ताडपत्रीखालच्या यंत्राला भंगाराचाच भाव येतो.

नमस्कार.