दोन काचांच्या मधलं पाणी

(दृश्य: डिसेंबरची पहाट. अंगणाच्या कडेला पऱ्हाट्यांचा ढीग, मागे नवं स्लॅबचं घर. पांढऱ्या चौकटीच्या खिडकीवर एक हात फडकं फिरवतो. धुरकट डाग तसाच राहतो.)

आतून पुसलं, बाहेरून पुसलं, तरी काच धुरकटच. हे धुकं काचेवर नाही, दोन काचांच्या मध्ये आहे. तिथवर फडकं पोचत नाही.

विदर्भातल्या गावांत आता यूपीव्हीसीची, म्हणजे कडक प्लॅस्टिकची, चौकट आणि दुहेरी काच दिसू लागली आहे. घर बांधताना ऊन आणि रस्त्याचा आवाज अडवायला ती बसवली जाते. चार-पाच वर्षांनी खिडकी अशी आंधळी झाली की घरचे म्हणतात, काच खराब निघाली. कधी तसं असतंही. पण खिडकी उघडून पाहिली तर बहुतेक वेळा काचेची खालची कड पाण्यात उभी असलेली सापडते.

(दृश्य: टेबलावर काढून ठेवलेली दुहेरी काच, तिची कड जवळून.)

आधी ही वस्तू कशी असते ते पाहू. ५ मिलिमीटरच्या दोन काचा, मध्ये १२ मिलिमीटरची पोकळी, एकूण जाडी २२. पोकळीच्या कडेनं ॲल्युमिनियमची पोकळ पट्टी फिरते आणि तिच्या पोटात ओलावा शोषणारे बारीक मणी भरलेले असतात. पट्टी काचेला ब्यूटिलच्या काळ्या चिकट थरानं धरलेली असते. बाहेरून पॉलीसल्फाइड किंवा सिलिकॉनचा जाड थर असतो. ब्यूटिल वाफ अडवतं आणि बाहेरचा थर दोन्ही काचा एकत्र बांधून ठेवतो.

मधली हवा बंद असते आणि आपल्याकडच्या हवामानात तिची रोज परीक्षा होते. डिसेंबरच्या पहाटे १० अंशांवर असलेली हवा नवतपात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हात, तापलेल्या काचेमागं ६० अंशांवर गेली, तर तिचा दाब सतरा-अठरा टक्क्यांनी वाढू पाहतो. मग काचा बाहेरच्या बाजूला किंचित फुगतात आणि थंडीत आत दबतात. असं वर्षानुवर्षं चालतं आणि कडेचं ब्यूटिल प्रत्येक वेळी ताणलं जातं. त्याच कडेला बाहेरून पाणीही साचून राहिलं की बाहेरचा थर काचेपासून सुटू लागतो, वाफ आत शिरते, मणी ती शोषत राहतात. मण्यांचं पोट भरलं की धुकं दिसायला लागतं.

(दृश्य: बर्फाचा खडा पातळ पिशवीत घालून काचेवर धरलेला.)

धुकं सुरुवातीला फक्त पहाटे दिसतं आणि दुपारी जातं, त्यामुळे शंका राहते. बर्फाचा खडा पिशवीत घालून काचेच्या मधोमध दहा मिनिटं टेकवून धरा. बाहेरचा ओलावा पुसा. आतल्या बाजूला, पोकळीत, गोल डाग उमटला असेल तर मणी संपले. आणि पावसाळ्यात एसी चालू असताना काचेच्या बाहेरच्या अंगाला दव येत असेल तर काही बिघडलेलं नाही, ते फडक्यानं जातं.

काचेला भोक पाडून धुकं सुकवून देणारेही भेटतात. डाग महिनाभर जाईल, पण भरलेले मणी रिकामे होत नाहीत आणि कडेचं सील जुळत नाही. त्या पैशांत नवी काच बसवा. चौकट बदलायची गरज नसते. बदलायचा असतो तो दोन काचांचा सीलबंद संच. त्यातली एकच काच फुटली असली तरी पूर्ण संच बदलावा लागतो.

(दृश्य: तडा गेलेल्या तीन काचा शेजारी शेजारी.)

तडा कुठून सुरू झाला त्यावरून कारण कळतं. एका ठिकाणाहून चांदणीसारख्या रेषा निघाल्या असतील तर दगड लागला, नाहीतर वांदरानं उडी मारली. कडेपासून काटकोनात निघून पुढं वळत गेलेला एकच तडा असेल तर तो उन्हाचा. मे महिन्यात आतून काळा कागद किंवा काळी फिल्म चिकटवली की काच मधोमध तापते, चौकटीतली कड मात्र गार राहते. साधी काच हा फरक सोसत नाही. छज्जाची सावली अर्ध्या काचेवर पडत असेल तर फरक आणखी वाढतो. टफन्ड, म्हणजे भट्टीत तापवून मजबूत केलेली काच तडकत नाही, तिचे एकदम बारीक चौकोनी तुकडे होतात. तुमची कोणती हे कोपऱ्यातल्या बारीक ठशावरून कळतं.

(दृश्य: खिडकीच्या खालच्या चौकटीतली बारीक खाच. त्यात मातीचं घर.)

आता मुख्य गोष्ट. यूपीव्हीसीची चौकट पाणी पूर्ण अडवत नाही, आत आलेलं पाणी ती खालून बाहेर सोडते. त्यासाठी बाहेरच्या अंगाला, तळाशी, दोन-तीन लांबट खाचा असतात. खाच बुजली की पाणी आतच तुंबतं.

ती बुजवणारे तिघं आहेत. पहिली कुंभारीण माशी. तिला घर बांधायला याहून सोयीचं भोक मिळत नाही. दुसरा गवंडी, जो छपाई करताना खालची कड सिमेंटनं नीट भरून टाकतो आणि वर सिलिकॉनही फिरवतो. तिसरा कूलर. अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात विहिरीचं पाणी खारट. कूलरच्या ताट्यांवरून उडालेले थेंब काचेवर आणि खाचेत सुकले की पांढरा क्षार दगडासारखा बसतो.

(दृश्य: फिटर खाचेत तार घालतो. घरचे काकाजी बाजूला उभे.)

"काच नाई बिघडली काकाजी, खालचं पाणी निघून नाई राह्यलं."

"मंग नवी काच बसवली त् तेही असंच होईन?"

"होईन नं."

हा सौदा काच विकणाऱ्याला परवडतो, घरच्यांना नाही. म्हणून माप घेण्याआधी खाच साफ करायची. सायकलचा जुना स्पोक आणि जुना टूथब्रश पुरे. क्षार असेल तर व्हिनेगरमध्ये तेवढंच पाणी मिसळून खाचेत सोडा, पंधरा मिनिटांनी साध्या पाण्यानं धुवा. मग खालच्या चौकटीत एक लोटा पाणी ओता. अर्ध्या मिनिटात ते बाहेरच्या खाचांतून वाहायला हवं. थांबून राहिलं तर अडथळा आहे. भिंतीच्या आतल्या बाजूला ओल आली तर चौकटीच्या कोपऱ्याचा सांधा फुटलेला आहे, तो आधी कोरडा करून बंद करा. आणि पाणी घरात येतं म्हणून या खाचेतच सिलिकॉन भरणारा फिटर आला तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

(दृश्य: चौकटीच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत टेप. मग दुसरा कर्ण.)

दुसरी तपासणी आपल्या मातीमुळं लागते. काळी जमीन पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. पाया उथळ असेल तर घर तिच्याबरोबर हलतं आणि चौकट काटकोनातून सरकते. दोन्ही कर्ण मोजा. फरक ३ मिलिमीटरपर्यंत असेल तर चालतं. ५च्या वर गेला तर नवी काच बसवू नका. आधी चौकट भिंतीतून मोकळी करून सरळ करा. कारण वाकड्या चौकटीत काच कोपऱ्यात दाबली जाते, आणि कोपरा दाबलेली काच पहिल्या उन्हाळ्यात जाते. भिंत आणि चौकट यांच्यामध्ये सुमारे १० मिलिमीटर जागा ठेवून फोम भरा, बाहेरून हवामान झेलणारं सिलिकॉन. तिथं कडक सिमेंट भरलं की पहिल्याच वर्षी भेग पडते.

दार अडकतं का आणि केव्हा, हेही विचारून घ्या. दुपारी अडकून सकाळी सुटत असेल तर उन्हाचा प्रताप. यूपीव्हीसी मीटरला दर अंशामागे सुमारे ०.०७ मिलिमीटर वाढतं. २ मीटरची उभी पट्टी ४० अंशांनी तापली तर हिशेबानं साडेपाच मिलिमीटर. आतली स्टीलची नळी त्यातलं बरंच रोखते, तरी फटीला जागा हवी. श्रावणात अडकून उन्हाळ्यात सुटत असेल तर मात्र जमीन हलते आहे, बिजागरी फिरवून उपयोग नाही.

(दृश्य: हातमोजे घातलेले दोन जण. कागदावर खुणा.)

काच काढताना फुटलेल्या काचेवर आधी दोन्ही बाजूंनी चिकटपट्टीची फुली मारा. पायात बूट, हातात जाड मोजे. दुहेरी काचेचं वजन चौरस मीटरला २५ किलो, दाराची मोठी काच ३५ किलोच्या आसपास भरते. एकट्यानं धरू नका.

काच धरून ठेवणाऱ्या आतल्या पट्ट्यांना बीडिंग म्हणतात. सगळ्यांत लांब पट्टीच्या मधोमध पुट्टीचा पातळ पत्रा घुसवा, थोडं उचका, मग कोपऱ्याकडे जा. कोपऱ्यापासून सुरुवात केली तर पट्टीचं टोक मोडतं. चारही पट्ट्यांच्या मागं वर, खाली, डावी, उजवी असं लिहून ठेवा. एकसारख्या दिसल्या तरी त्या अदलाबदलीनं बसत नाहीत. थंडीच्या सकाळी प्लॅस्टिक ठिसूळ असतं, हे काम दुपारी सावलीत करा.

जुना संच बाहेर काढायच्या आधी एक तपासणी. अंधारात काचेजवळ मेणबत्ती धरा. दोन काचांच्या चार पृष्ठभागांवरून चार ज्योती दिसतात. चारही एकाच रंगाच्या असतील तर बिनलेपाची काच. एखादी वेगळ्या रंगाची असेल तर त्या पृष्ठभागावर उष्णता परतवणारा लेप आहे. आपल्याकडे तो बाहेरून मोजलेल्या दुसऱ्या पृष्ठभागावर, म्हणजे बाहेरच्या काचेच्या आतल्या अंगाला हवा. नवी मागवताना हे सांगा आणि आली की बसवण्याआधी मेणबत्तीनं पुन्हा पाहा. उलटी बसलेली काच दिसायला सारखीच दिसते.

(दृश्य: टेप, पेन्सिल, वहीचं पान.)

माप जुन्या संचावरूनच घ्या, रुंदी आणि उंची तीन-तीन ठिकाणी. जुना संच चुरा झाला असेल तर बीडिंग काढलेल्या चौकटीचं आतलं माप घ्या आणि प्रत्येक बाजूनं ५ मिलिमीटर, म्हणजे रुंदीत १० आणि उंचीत १० कमी करा. जाडी विसरू नका. २२ ऐवजी २४ आली तर बीडिंग बसणारच नाही. सांगताना रुंदी आधी, उंची नंतर. टफन्ड काच तयार झाल्यावर कापता येत नाही, त्यामुळं २ मिलिमीटरची चूक म्हणजे नवी काच.

नागपूर, अमरावती, अकोल्याहून गावापर्यंत ती पिकअपमध्ये उभी आणा, तिरक्या लाकडी स्टँडला बांधून. आडवी ठेवली की पहिल्या खड्ड्यातच संपते. खाली तणस घालत असाल तर कोरडं घाला आणि वाळू झटकून घ्या, वाळूनं ओरखडे पडतात. चिखलदऱ्यासाठी मागवणार असाल तर तिथली उंची आधीच सांगा. सुमारे ११०० मीटरवर हवेचा दाब खालच्यापेक्षा नऊ टक्क्यांच्या आसपास कमी असतो. सपाटीवर बंद केलेली काच वर नेली की फुगते, म्हणून दाब जुळवण्याची सोय कारखान्यातच करावी लागते.

(दृश्य: खालच्या चौकटीत ठेवलेले प्लॅस्टिकचे तुकडे. त्यांच्यावर काच टेकते.)

नवी काच चौकटीवर थेट कधीच टेकवायची नाही. खाली ५ मिलिमीटर जाडीचे प्लॅस्टिकचे पॅकर लागतात, संचाच्या जाडीपेक्षा थोडे रुंद आणि सुमारे १०० मिलिमीटर लांब. लाकडाची चिप पाण्यात फुगते, चपलेचा तुकडा वजनानं दबतो, दोन्ही नको. पॅकरनं खाचेकडे जाणारा पाण्याचा रस्ता अडवता कामा नये.

सरकत्या खिडकीत पॅकर खालच्या चाकांच्या वर. बिजागरीच्या पल्ल्यात गणित वेगळं. एक पॅकर खाली बिजागरीच्या बाजूला, दुसरा तिरक्या रेषेत वर हँडलच्या बाजूला. मग काच तिरप्या टेकूसारखं काम करते आणि पल्ला खाली लोंबत नाही. लोंबणाऱ्या दारांपैकी बरीच याच एका चुकीनं लोंबतात, आणि लोक बिजागरीच्या स्क्रूंना शिव्या देत बसतात.

काच मध्यावर आली, चारही बाजूंनी फट सारखी झाली की बीडिंग: आधी आखूड पट्ट्या, मग लांब, रबरी हातोडीनं. लांब पट्टी किंचित कमानीसारखी वाकवून दोन्ही टोकं आधी बसवा.

काळी रबरी पट्टी, गॅस्केट, कोपऱ्यात आखडली असेल तर तीही बदला. कापताना मीटरमागे १० मिलिमीटर जास्त ठेवा आणि बसवताना ओढू नका, दाबत जा. ओढलेलं रबर उन्हाळ्यात मूळ लांबीवर येतं आणि कोपरा उघडा पडतो. सरकत नसेल तर साबणाचं पाणी लावा, तेल नको. कुलूप आणि चाकांनाही तेल-ग्रीस नको, कापसाचा तूस आणि काळी माती त्याला चिकटून गोळा होतो. कोरडा सिलिकॉन स्प्रे पुरे.

कुठं सिलिकॉन लावायचंच असेल तर वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबट वास येत असेल तर ते काचेच्या कडेला लावू नका, त्यातलं आम्ल कडेचं सील खराब करतं. दुकानात न्यूट्रल सिलिकॉन मागा.

(दृश्य: खिडकीत बसवलेला कूलर. चौकटीवर पांढरे ओघळ.)

राहता राहिला कूलर. दुहेरी काचेचा पल्ला काढून त्या जागी कूलर बसवला की चार महिने ती काच पलंगाखाली पडून असते आणि तिथं तिच्या कडा फुटतात. कूलरसाठी भिंतीत वेगळा झरोका पाडा. ते जमत नसेल तर कूलर चौकटीपासून निदान हातभर लांब ठेवा, मध्ये पत्र्याचा तिरपा छज्जा लावा, म्हणजे खारं पाणी खाचेत उतरणार नाही. खाचा वर्षातून दोनदा साफ करायच्या, एकदा कूलर उतरवताना, एकदा मृगाच्या आधी.

(दृश्य: जुना संच ओट्यावर. एक जण धारदार ब्लेडनं कडेचा काळा थर कापतो. पट्टीतून बारीक मणी सांडतात.)

जुना संच फेकू नका. मणी नीट झाडून घ्या, लेकरांच्या तोंडात जायला नकोत. काचा सुट्या झाल्या की धुवून मिरची वाळवायच्या पेटीवर झाकण म्हणून चालतात. टफन्ड असेल तर ती कापता येत नाही, त्यामुळं पेटीच तिच्या मापाची करा.

(दृश्य: दुपार. ओसरीत लाकडी पेटी, वर काच, आत लाल मिरची. मागं नवी खिडकी, तिच्या खालच्या खाचेतून एक लोटा पाणी वाहत बाहेर येतं.)