हा काप मेंदूत नेमका कुठला?

पडद्यावर आहे उंदराच्या मेंदूचा एक काप. जाडी 40 मायक्रॉन, कोरोनल, म्हणजे नाकाकडून मानेकडे जाताना आडवा घेतलेला. लाल ठिपके म्हणजे रंगवलेल्या पेशी. त्या मोजणं सोपं. त्या मेंदूच्या कुठल्या भागात बसतात, हे ठरवायला ॲटलास, म्हणजे मेंदूच्या भागांचा नकाशा लागतो.

इथे घेतलाय ॲलन या मेंदू-संशोधन संस्थेचा त्रिमिती ॲटलास. त्यातला मेंदू 1675 उंदरांच्या मेंदूंची सरासरी काढून तयार झालेला आहे, आणि त्याच्या डाव्या-उजव्या बाजू हुबेहूब सारख्या आहेत. आपला काप इतका शहाणा नसतो.

काम सुरू होतं फाइलच्या नावापासून. काप ॲटलासवर बसवायचं ओस्लो विद्यापीठाचं सॉफ्टवेअर, क्विकएनआयआय, कापाचा क्रमांक नावातून वाचतं. दर सहावा काप ठेवला असेल, तर क्रमांक 1, 7, 13, 19, आणि दोन कापांत अंतर 240 मायक्रॉन. तेरावा फाटून गेला तरी एकोणिसावा एकोणिसावाच राहतो. त्याला तेरावा म्हणून मधली जागा भरून काढली, तर तिथून सगळे काप चुकीच्या जागी सरकतात. स्लाइडवर उलटा पडलेला काप आधीच आरशासारखा फिरवून घ्यायचा.

मग खुणा शोधायच्या. पुढच्या बाजूला अँटिरिअर कमिशर (दोन्ही बाजू जोडणारा तंतूंचा पट्टा) मध्यरेषा ओलांडतो ती जागा, मागे हिप्पोकॅम्पस (स्मृतीशी जोडलेला भाग) संपतो ती. असे दोन-तीन काप हाताने बसवले की मधल्यांची जागा सॉफ्टवेअर क्रमांकांवरून अंदाजाने काढतं.

खरी मेहनत असते कोनाची. पातं कधीच अगदी काटकोनात चालत नाही. एका बाजूचा हिप्पोकॅम्पस मोठा आणि दुसऱ्या बाजूचा लहान दिसला, तर काप डावी-उजवीकडे कललाय. वरचा कॉर्टेक्स, म्हणजे मेंदूचा बाहेरचा थर, ॲटलासच्या एका पातळीशी जुळतो आणि खालचा भाग त्याच्या मागच्या पातळीशी, तर कल पुढे-मागे आहे. मेंदू मायक्रोटोमवर, म्हणजे काप घेणाऱ्या यंत्रावर, एकदाच बसवला असेल, तर सगळ्या कापांचा कोन जवळपास एकच हवा. प्रत्येक कापाला वेगळा कोन लागतोय? मग चूक बसवणाऱ्याची. डीपस्लाइस हे सॉफ्टवेअर पहिला अंदाज आपोआप देतं, तोही याच कसोटीवर तपासायचा.

ताणणं त्यानंतर. व्हिज्युअलाइन या सॉफ्टवेअरमध्ये स्पेस बार दाबून खूण ठेवायची आणि ॲटलासची कड ऊतकाच्या कडेवर ओढायची. घाई इथेच नडते: चुकीच्या पातळीवरचा नकाशाही ओढूनताणून छान बसलेला दिसतो. हिप्पोकॅम्पस अर्धा मिलिमीटर ओढावा लागला, तर मागे जाऊन पातळी बदला. जिथे ऊतक फाटलंय तिथे मात्र नकाशा ओढू नका. तो तुकडा मोजणीतून वगळा.

लहान केंद्रकांचे (इथे पेशीचं केंद्रक नव्हे, मेंदूतला पेशींचा पुंजका) आकडे शेवटी पुन्हा पाहायचे. सुप्राकायझमॅटिक केंद्रक 240 मायक्रॉनच्या अंतराने जेमतेम दोन-तीन कापांत सापडतं. तिथे एक काप जरी पुढे-मागे बसला, तरी त्या केंद्रकाच्या पेशी हायपोथॅलॅमसच्या शेजारच्या भागाच्या खात्यात जातात.