अंग विणलं की पोशाख तयार: क्रोशाचा सुपरहिरो घरच्या घरी

नमस्कार मंडळी! आज आपण क्रोशाने एक सुपरहिरो विणणार आहोत. साधारण वीतभर उंच, मऊ, केपवाला, छातीवर चिन्ह असलेला, मुलांनी खुशाल उशाशी घेऊन झोपावं असा.

क्रोशाची बाहुली म्हटलं की बऱ्याच जणींना धास्ती असते ती कपड्यांची. फ्रॉक वेगळा विणा, बाही वेगळी, मग ते चढवा, मागून टाके घाला. सुपरहिरोच्या बाबतीत ही सगळी कटकट वाचते, कारण त्याचा पोशाख अंगाला चिकटलेला असतो. पायापासून वर विणत जायचं आणि ठरलेल्या फेरीला रंग बदलायचा. बूट संपले की पाय, पाय संपले की बाहेरून घातलेली ती प्रसिद्ध चड्डी, मग पट्टा, मग छाती. अंग विणून होतं तेव्हा पोशाखही झालेला असतो. म्हणून मी म्हणते, पहिली बाहुली करायची असेल तर सुपरहिरोच करा.

आणि रंग? ठळक आणि सपाट. 1938 मध्ये सुपरमॅन पहिल्यांदा छापून आला तेव्हा कॉमिक्स स्वस्त कागदावर, मोजक्या शाईंमध्ये छापली जायची. नाजूक छटा त्या कागदावर टिकायच्या नाहीत. लाल, निळा, पिवळा असे एकमेकांपासून लगेच वेगळे दिसणारे रंग तिथूनच या मंडळींच्या अंगावर बसले. आपल्या लोकरीलाही तेच मानवतं. तीन मुख्य रंग, एक त्वचेचा, एक केसांचा. पाचाच्या पुढे जाऊ नका, नाहीतर आत गाठीच गाठी होतील.

[टेबलावर साहित्य, वरून शॉट]

हे बघा साहित्य. मध्यम जाडीची सुती किंवा अॅक्रेलिक लोकर. सुतीत टाका स्वच्छ दिसतो आणि खेळणं ताणलं जात नाही. अॅक्रेलिक हलकी, मऊ, हाताला सोपी. दोन्ही चालतात, पण एका हिरोत दोन्ही मिसळू नका, ताण वेगवेगळा येतो. हुक मात्र लोकरीच्या लेबलवर लिहिलंय त्यापेक्षा बारीक घ्या. लेबल 4 मिलिमीटर म्हणत असेल तर मी 3 घेते. स्वेटर मऊ पडावा म्हणून ते माप दिलेलं असतं. आपल्याला उलट, इतकं घट्ट हवं की आतला कापूस टाक्यांच्या फटींतून डोकावणार नाही. शिवाय लोकर शिवायची बोथट टोकाची सुई, फायबरचा कापूस आणि फेरीची सुरुवात दाखवणारा मार्कर. मार्कर नसेल तर वेगळ्या रंगाच्या धाग्याचा तुकडा अडकवा.

एक काम विणायला बसण्याआधीच करायचं. लाल लोकरीचा तुकडा ओला करून पांढऱ्या कापडावर दाबून ठेवा. सुती लाल रंग पुष्कळदा जातो. रंग उतरला तर तो गुंडा या कामाला घेऊ नका, कारण याच लाल केपशेजारी पिवळं चिन्ह बसणार आहे.

[हात क्लोज-अपमध्ये]

टाका सगळीकडे एकच, मुका खांब, म्हणजे सिंगल क्रोशे. नमुना कुठून घेताय तेवढं पाहा. अमेरिकन नमुन्यातला सिंगल क्रोशे ब्रिटिश नमुन्यात डबल क्रोशे म्हणून लिहिलेला असतो. मी सांगतेय तो सगळ्यात ठेंगणा, घट्ट खांब.

आता नीट बघा. हुक टाक्यात घातला. नेहमी आपण लोकर हुकवरून घेतो. इथे हुक लोकरीच्या वरून नेऊन लोकर खालून पकडायची आणि बाहेर ओढायची. मग नेहमीसारखी लोकर घेऊन दोन्ही फासांतून काढायची. टाका फुलीसारखा दिसतो आणि वीण जास्त घट्ट बसते. सुरुवातीला हात अडखळेल, पण एका पायापुरता धीर धरा.

वाढ म्हणजे एकाच टाक्यात दोन मुके खांब. घट म्हणजे दोन टाक्यांचा एक. घट करताना टाक्याच्या डोक्यावर दिसणाऱ्या दोन धाग्यांपैकी फक्त पुढचा धागा उचला, पहिल्या टाक्याचा आणि लगेच दुसऱ्याचा, आणि मग एकच मुका खांब पूर्ण करा. अशी घट बाहेरून ओळखूसुद्धा येत नाही. दोन्ही धागे उचलून केलेली घट छातीवर गाठीसारखी उठून दिसते.

चला, पाय. बुटाच्या रंगाने मॅजिक रिंग, म्हणजे शेपूट ओढून आवळता येणारी धाग्याची कडी, त्यात 6 मुके खांब. दुसऱ्या फेरीत प्रत्येक टाक्यात वाढ, झाले 12. मग 4 फेऱ्या 12 च्याच. झाला बूट. आता पोशाखाचा रंग, आणखी 6 फेऱ्या. फेऱ्या जोडायच्या नाहीत, गोल गोल चढत जायचं.

रंग बदलण्याची जागा इथे फार महत्त्वाची आहे, म्हणून जरा थांबते. नवा रंग नव्या टाक्याला घ्यायचा नाही. त्याआधीच्या टाक्यात, हुकवर शेवटचे दोन फास उरले असताना, नव्या रंगाने ते दोन फास ओढून टाका पूर्ण करायचा. आता हुकवर नवा रंग आहे आणि पुढचा टाका डोक्यापासून पायापर्यंत नव्या रंगाचा येतो. हे एक टाका उशिरा केलंत तर बुटाच्या कडेला अर्ध्या रंगाचा ठिपका राहतो आणि नजर नेमकी तिथेच जाते.

असे दोन पाय. पहिल्याचा धागा कापा, शेपूट लांब ठेवा. दुसऱ्याचा शेवटचा टाका चड्डीच्या रंगाने पूर्ण करा आणि काम पुढे चालू ठेवा. 3 साखळ्या घाला आणि त्या पहिल्या पायाला जोडा. पहिल्या पायावर 12 टाके, साखळीवर 3, दुसऱ्या पायावर 12, साखळीच्या दुसऱ्या बाजूवर 3. एकूण 30. मार्कर इथे लावा.

मार्कर कुठे आलाय बघा. दोन्ही पायांच्या मधोमध. ही बाजू पाठ ठरवा. चढत्या विणीत रंग बदलला की तिथे एक छोटी पायरी दिसते, ती टाळता येत नाही. ती पाठीवर आली की वरून केप पडते आणि प्रश्न मिटतो.

चड्डीच्या रंगाने आणखी 2 फेऱ्या, 30 च्या. पुढची फेरी, 3 मुके खांब आणि एक घट, असं सहा वेळा. उरले 24, ही कंबर. मग पट्ट्याची एकच फेरी, पिवळ्याने. एकच पुरे. दोन केल्यात तर हिरो मधोमध कापल्यासारखा दिसतो. आता पोशाखाचा रंग, 2 फेऱ्या 24 च्या. मग 3 मुके खांब आणि एक वाढ, सहा वेळा, पुन्हा 30. याच 6 टाक्यांच्या फरकाने छाती पुढे येते. सरळ नळीसारखं अंग विणलं तर तो कुणीही वाटतो. कंबर बारीक आणि छाती रुंद झाली की केप नसतानाही लांबून कळतं, हा हिरो आहे.

छातीच्या 4 फेऱ्या 30 च्या. मग खांदे, 3 मुके खांब आणि घट, सहा वेळा, 24. पुढची फेरी 2 मुके खांब आणि घट, सहा वेळा, 18. इथे थांबा आणि कापूस भरायला घ्या. पायांमधल्या फटी आधी त्या लांब शेपटाने शिवून टाका.

कापूस चिमटी चिमटीने भरायचा. मोठा गोळा कोंबला की आत ढेकूळ होतं आणि बाहेरून टेंगूळ दिसतं. आधी बुटांची टोकं, मग पाय घट्ट, मग पोट. तुम्हाला वाटेल पुरे झालं, तेव्हा अजून भरा. पहिल्याच मिठीत कापूस दबतो.

छातीवरचं चिन्हही याच वेळी लावायचं, आतून हात पोचतोय तोवर. पुष्कळ जण विचारतात, चिन्ह वेगळं कशाला, रंग बदलून विणीतच काढू की! काढू नका. गोल चढत्या विणीत मुका खांब सरळ उभा राहत नाही, दर फेरीला थोडा बाजूला सरकतो. कागदावर चौकोनात काढलेला बाण किंवा अक्षर विणल्यावर तिरकं होतं. त्यापेक्षा पिवळ्याने मॅजिक रिंग, 6, मग 12, संपलं. या गोल ठिपक्यावर जाड धाग्याने अक्षर भरा आणि तो छातीवर टाचण्यांनी लावून पाहा. हात लांब करून बघा, मध्यावर वाटला की शिवा. टाके मोजून मध्य शोधू नका, याच सरकण्यामुळे मोजलेला मध्य फसवा असतो.

चिन्ह कुठलं, हे ज्याच्यासाठी हिरो होतोय त्यालाच विचारा. माझं अगदी ठाम मत आहे, मुलाच्या स्वतःच्या नावाचं पहिलं अक्षर किंवा त्याने कागदावर काढलेली वीज, तारा, कासव, काहीही लावा. त्या हिरोची शक्ती काय हेही तोच सांगेल, आणि ती शक्ती ऐकली की रंगही आपोआप ठरतात. घरातल्या मुलासाठी ओळखीचा हिरो जरूर करा. विकायचा विचार असेल तर मात्र प्रसिद्ध पात्रं आणि त्यांची चिन्हं कंपन्यांच्या हक्काची असतात, परवानगीशिवाय ती विकता येत नाहीत. स्वतः रचलेल्या हिरोला ही अडचणच नाही.

पुढे मान. त्वचेच्या रंगाची एक फेरी, 18. डोकं वेगळं विणून शिवण्यापेक्षा असं सलग विणलेलं मला कधीही पसंत. तरी मान लुळी पडते ती कापूस कमी पडल्यामुळे. मानेत कापूस अगदी दगडासारखा ठासा, वर डोक्यात आणि खाली छातीत थोडा थोडा जाईल असा. काडी किंवा तार घालायचा मोह होतो, लहान मुलाच्या खेळण्यात ती कधीही नको.

डोक्यासाठी तीन वाढीच्या फेऱ्या, 24, 30, 36. मग 7 फेऱ्या 36 च्याच. त्यातली तिसरी आणि चौथी फेरी काळी केलीत की मुखवटा तयार. काळ्यावर काळे डोळे दिसणार नाहीत, तेव्हा पांढऱ्या फेल्टचे दोन बदामी तुकडे शिवा किंवा पांढरा धागा भरा. दोन डोळ्यांमध्ये 6 टाक्यांचं अंतर बरं दिसतं. मूल 3 वर्षांखालचं असेल तर प्लास्टिकचे डोळे, मणी, बटणं काहीही नको. मागे वॉशर असलेले सेफ्टी डोळेसुद्धा नकोत, विणीचा टाका ताणला की ते अख्खे बाहेर येऊ शकतात. धाग्याने भरलेला डोळा सुटून तोंडात जात नाही.

चेहरा झाला की केसांचा रंग घ्या आणि घट सुरू करा, 30, 24, 18, 12, 6. भरत भरत जा, शेवटी 6 टाक्यांचे पुढचे धागे सुईत ओवून ओढा आणि गाठ मारून शेपूट आत ढकला.

हात सोपे. हातमोज्याच्या रंगाने 6, मग एक सोडून एक वाढ, 9. 4 फेऱ्या हातमोजा, 9 फेऱ्या बाही. कापूस फक्त खालच्या अर्ध्यात. वरचं तोंड चपटं करून खांद्यालगत शिवा. एक हात खाली लोंबता आणि दुसरा मूठ वर करून तिरका शिवलात तर उभा असतानाही तो उड्डाण घेतोय असं वाटतं. वरचा हात मात्र दोन्ही बाजूंनी शिवा, नाहीतर आठवड्याभरात खाली येईल.

[केप हातात धरून]

आता केप. इथे सगळे नियम उलटे. घट्ट नको, सैल हवी, म्हणून हुक एक-दोन माप मोठा आणि टाका अर्धा खांब, म्हणजे आधी लोकर हुकवर एकदा घ्यायची, मग टाक्यातून लोकर ओढायची आणि तिन्ही फासांतून एकदम काढायची. 17 साखळ्या, तिसऱ्या साखळीपासून अर्धे खांब, 15 येतील. प्रत्येक ओळ 2 साखळ्यांनी उलटवा आणि त्या साखळ्या टाका म्हणून मोजू नका. पहिल्या आणि शेवटच्या टाक्यात वाढ करा, म्हणजे दर ओळीला 2 टाके वाढतील. 21 झाले की वाढ थांबवा आणि गुडघ्यापर्यंत सरळ विणा. केप जड झाली तर हिरोला मागे ओढते, म्हणून खालची झालर वगैरे मी घालत नाही. कडा वळत असतील तर ओली करून, टाचण्या लावून, सपाट वाळवा.

केपला गळ्याशी बांधायची दोरी नको. लांब दोरी लहान मुलाच्या मानेत किंवा बोटात अडकू शकते. वरची कड एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंत, पाठीवर, प्रत्येक टाका धरून शिवून टाका. मुलं हिरोला उचलतात तेच केप धरून. ही शिवण जितकी पक्की तितकं बरं.

धुवायचा झाला तर गार पाण्यात, सौम्य साबणाने, हाताने दाबून. पिळायचा नाही. टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी काढा आणि सपाट आडवा वाळवा. केप धरून दोरीवर टांगलात तर ओल्या कापसाचं सगळं वजन त्या शिवणीवर येतं. आतला कापूस पूर्ण कोरडा झाल्याशिवाय परत देऊ नका, मागणाऱ्याने कितीही घाई केली तरी.