आरागिरणीतील वाशाची खरी किंमत

बहुतेक कारखान्यांत अनेक सुटे भाग जोडून एक वस्तू तयार होते. आरागिरणीत मात्र एका ओंडक्यापासून अनेक वस्तू होतात आणि त्याही एकाच वेळी. गिऱ्हाइकाला फक्त वासे हवे असले तरी वाशांच्या कडेने फळ्या निघणारच, शिवाय सालपट आणि भुसाही निघणार. सूचिपर्णी लाकडाच्या गिरण्यांत ओंडक्याच्या घनफळाचा साधारण निम्माच भाग कापीव लाकूड म्हणून बाहेर पडतो. त्यामुळे या आठवड्यात कोणता माल किती काढायचा, हा प्रश्न प्रत्येक मालापुरता वेगळा सोडवता येत नाही. कोणत्या वर्गाचे किती ओंडके कोणत्या नमुन्याने, म्हणजे कापांच्या कोणत्या मांडणीने चिरायचे, एवढेच नियोजकाच्या हाती असते. बाकी सारे त्या निर्णयामागून येते.

एकेका ओंडक्यापुरते हे गणित बरेच जुने आहे. करवतीच्या छेदाची जाडी, ओंडक्याचा निमुळतेपणा, सुकताना होणारे आकुंचन या सगळ्यांचा हिशेब करून पहिला काप नेमका कुठे घ्यावा, हे संगणकाने ठरवणारी 'बेस्ट ओपनिंग फेस' ही पद्धत अमेरिकेतील मॅडिसन येथील वन-उत्पादन प्रयोगशाळेतून 1971 साली पुढे आली. पहिला काप काही मिलिमीटर सरकला तरी एखादी फळी मिळते किंवा हुकते, असे त्यातून दिसले. आजच्या गिरणीत स्कॅनर ओंडक्याचा आकार टिपतो आणि संगणक क्षणात नमुना निवडतो. मग नियोजनाला उरते काय, असे वाटणे साहजिक आहे. पण तो संगणक एका ओंडक्याचा विचार करतो आणि त्याला दिलेल्या किमतींच्या तक्त्यावर विसंबतो. त्या तक्त्यात काय भरावे, हा माझ्या मते नियोजनाचा गाभा आहे.

एक छोटे उदाहरण घेऊ. आकडे सोयीसाठी घेतले आहेत. ओंडक्यांचा एकच वर्ग आहे. पहिल्या नमुन्याने एका ओंडक्यातून 4 वासे व 5 फळ्या निघतात, दुसऱ्याने 2 वासे व 10 फळ्या. मागणी 2400 वाशांची आणि 5250 फळ्यांची आहे. सगळे ओंडके पहिल्या नमुन्याने चिरले, तर फळ्यांची मागणी पुरी होईपर्यंत 1050 ओंडके लागतात आणि 1800 वासे जास्तीचे होऊन पडतात. सगळे दुसऱ्याने चिरले, तर वाशांपायी 1200 ओंडके खर्ची पडतात. पण 450 ओंडके पहिल्या आणि 300 ओंडके दुसऱ्या नमुन्याने चिरले, तर 750 ओंडक्यांत दोन्ही मागण्या काटेकोर पुऱ्या होतात. लाकूड तेच, करवतही तीच. फरक फक्त नमुन्यांच्या वाटणीचा.

आता आणखी 6 वाशांची मागणी आली तर? पहिल्या नमुन्याचे 2 ओंडके वाढवावे लागतात आणि दुसऱ्याचा 1 कमी होतो. निव्वळ वाढ एका ओंडक्याची. म्हणजे या योजनेत एका वाशाची किंमत ओंडक्याचा सहावा हिस्सा आहे. याच रीतीने फळीची किंमत पंधरावा हिस्सा येते. एका ओंडक्यातून 6 वासे काढणारा नमुना आपल्याकडे नाही, तरीही ही किंमत खरी आहे, कारण ती कोणत्याही एका ओंडक्याची नसून साऱ्या योजनेची आहे. योजनेतून निघणाऱ्या अशा किमतींना गुणक म्हणू. ऐनवेळी आलेली मागणी घ्यावी की नाही, हे याच गुणकांवरून जोखता येते.

याच गुणकांनी नवा नमुनाही पारखता येतो. एखाद्याने 3 वासे व 8 फळ्यांचा नमुना सुचवला, तर त्याचे मोल अर्धा अधिक आठ-पंधरांश, म्हणजे एका ओंडक्याहून किंचित जास्त भरते. तो नमुना घ्यावा. 7 फळ्याच मिळत असतील तर तो सोडून द्यावा. प्रत्यक्षात शक्य नमुन्यांची संख्या इतकी प्रचंड असते की, सगळे आधी मांडून बसणे अशक्यच. म्हणून थोड्या नमुन्यांनी सुरुवात करायची, गुणक काढायचे, त्या गुणकांना सर्वांत फायद्याचा ठरणारा नमुना शोधून यादीत घालायचा आणि पुन्हा गणित सोडवायचे, ही पद्धत गिल्मोर आणि गोमोरी या गणितज्ञांनी 1961 साली मांडली. कापणीच्या प्रश्नांत आजही तिचाच आधार घेतला जातो.

अशा गणिताच्या शास्त्राचा, म्हणजे रेषीय प्रायोजनाचा (लिनियर प्रोग्रॅमिंग) उगमही लाकडाशीच जोडलेला आहे, हे अनेकांना ठाऊक नसते. लेनिनग्राडच्या प्लायवुड उद्योगाने सोव्हिएत गणितज्ञ लिओनिद कांतोरोविच यांच्यापुढे एक प्रश्न ठेवला होता: निरनिराळ्या जातींचे ओंडके सोलणाऱ्या यंत्रांवर कसे वाटून द्यावेत? त्यातून 1939 साली त्यांची पुस्तिका निघाली आणि तिच्यातील पद्धतीचा कणा अशाच गुणकांचा होता. अशीच गणिते सोडवणारी, अमेरिकी गणितज्ञ डँट्झिग यांची सिम्प्लेक्स पद्धत त्यानंतरची, 1947 सालची.

आता स्कॅनरच्या तक्त्याकडे वळू. त्यात नुसते बाजारभाव भरले, तर गिरणी महागडा माल काढत सुटते आणि मागणी पुरी झाली तरी थांबत नाही. तिथे योजनेचे गुणक भरावेत. यात एक मेख आहे: आपल्या उदाहरणात गुणकांच्या हिशेबाने दोन्ही नमुने अगदी सारखे भरतात, म्हणून नुसत्या किमतींवरून 450 आणि 300 ही वाटणी होणार नाही. खऱ्या ओंडक्यांत फरक असल्याने बरोबरी बहुधा सुटते. तरीही कोणता माल किती झाला, हे पाहून तक्ता अधूनमधून बदलत राहावे लागते.

करवतीपुढे गणित अवघड होत जाते. सुकवण भट्टी अर्धी भरून चालवणे परवडत नाही, आणि जाड वासे व पातळ फळ्या एकाच भट्टीत घातल्या तर पातळ माल अति सुकतो किंवा जाड माल ओला राहतो. भट्टी लावायची की नाही, नमुना बदलण्यासाठी करवत थांबवायची की नाही, हे होय-नाहीचे निर्णय असल्यामुळे उत्तर पूर्णांकांतच असण्याची अट येते आणि उत्तराला वेळ लागतो. शिवाय एकाच वर्गातल्या दोन ओंडक्यांतून सारखा माल निघत नाही. सरासरीवर बेतलेली योजना सारखी एकाच बाजूला तोकडी पडू लागली, तर थोडा राखीव साठा अटीतच धरावा लागतो.

म्हणून योजना काही आठवड्यांची आखतात, पण पहिल्याच आठवड्याची अमलात आणतात, साठा मोजून पुन्हा गणित मांडतात. यात शेवटच्या आठवड्याअखेर उरणाऱ्या मालाला शून्य किंमत दिली, तर मॉडेल निमूटपणे वखार रिकामी करून टाकते. त्या मालाला मागच्या फेरीत निघालेल्या गुणकांएवढी किंमत द्यावी.