उसवल्यानंतरची गोधडी

मित्रहो, गेली काही वर्षे मी जुन्या लुगड्यांतून भिंतीवर लावायची वस्त्रचित्रे करते आहे. त्यांतले एक पूर्ण होऊनही मनाला पटले नाही आणि ते पुन्हा हाती घेताना जे उमगले, त्याविषयी आज बोलायचे आहे.

इरकली लुगड्यांचे सुती तुकडे, त्यांच्या रेशमी पदरांचे तुकडे आणि काही खण जोडून मी वरचा थर शिलाई यंत्रावर आधीच सिद्ध केला होता, त्याखाली मऊ धोतराचे दोन थर घातले होते आणि मग कडेपासून आत चौकोनी फेऱ्यांनी धावदोरा घालत गेले होते. काम भिंतीवर लावले तेव्हा मध्यभाग फुगलेला होता आणि नजर कुठेच ठरत नव्हती. सुरुवातीला मी त्यावर आरसे टाकून पाहिले. काही खटकले की वर आणखी काही चढवायचे, ही सवय फार घातक आहे. फुगवटा आरशांच्या वजनाने अधिकच लोंबू लागला.

कारण पुष्कळ उशिरा लक्षात आले. कडेकडून आत जाणाऱ्या त्या फेऱ्या मी कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातील, आफ्रिकी वंशाच्या सिद्दी समाजातल्या स्त्रियांच्या कवंदीवरून, म्हणजे त्यांच्या गोधडीवरून, घेतल्या होत्या. मात्र कवंदीत वरचा थर आधी तयार नसतो. अस्तर पसरून सिद्दी स्त्रिया कोपऱ्यापासून सुरुवात करतात, एकेक तुकडा कडा आत मुडपून ठेवतात आणि टाके घालत पुढे सरकतात. त्यामुळे कापड जरा सैल पडले, तरी ते पुढच्या तुकड्याखाली सामावून जाते. माझा थर आधीच जोडलेला असल्याने प्रत्येक फेरीबरोबर थोडे थोडे कापड आत ढकलले गेले आणि सगळा सैलपणा मधोमध साचला. मी रेषा उचलली होती, तिच्यामागची रीत नाही.

म्हणून बाहेरच्या चार फेऱ्या ठेवून बाकीचे सगळे उसवले. या कामाला बारा संध्याकाळी लागल्या. धुतल्यावर सुती कापडातली सुईची भोके बरीचशी मिटली, रेशमी पदराच्या तुकड्यांतली मात्र तशीच राहिली. ते तुकडे मी बदलले नाहीत, कारण पहिल्या कामाची खूण त्यांत उरावी असे मला मनापासून वाटत होते. मग मोबाइलवर कृष्णधवल छायाचित्र काढून पाहिले, तेव्हा रंगांच्या मोहात न दिसलेली गोष्ट दिसली: निळे आणि तांबडे तुकडे जवळजवळ सारखेच गडद होते, आणि खणांची चमक तेवढी जागोजागी नजर ओढत होती. अकरा खणांपैकी तीनच ठेवले, तेही डाव्या कडेला एकत्र, आणि मधल्या जागेत धुवट पांढऱ्या लुगड्याचे तुकडे एकेक करून शिवत गेले.

कवंदी संपताना सिद्दी स्त्रिया कोपऱ्यांवर ‘फुला’ नावाच्या लहान घड्या शिवतात आणि त्यांच्यावाचून कवंदी उघडी मानली जाते. माझ्या कामाचे कोपरे मी मोकळेच ठेवले आहेत. ती खूण त्यांची आहे.