गावात उरलेले पालक

(पहाट. डांबरी रस्त्याच्या कडेला ट्रॅक्टर, मागे दोन ट्रॉल्या. पत्र्याच्या पेट्या, गोधड्या, सरपण, हंडे. एका ट्रॉलीत बांधलेली शेळी.)

दसरा होऊन गेला. बालाघाटाच्या डोंगरावरचं हे गाव आता आठवडाभरात निम्मं होईल. मुकादमाची, म्हणजे ऊसतोडीला मजूर नेणाऱ्या ठेकेदाराची, उचल उन्हाळ्यातच घेतलेली असते. उचल म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम. ती पेरणीला लागते, दवाखान्याला लागते, कुणाच्या लग्नात जाते. आता ती फेडायला उसाच्या फडावर जायचं, तोडीला. कुणी कोल्हापूर-सांगलीकडे, कुणी सोलापूरकडे, कुणी थेट कर्नाटकात. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे तोडीची एक जोडी. परत यायचं ते पाडव्याच्या आगंमागं.

बीड जिल्ह्यातल्या या गावाचं नाव आम्ही या माहितीपटात सांगणार नाही. पुढचे पाच महिने इथल्या बऱ्याच घरांत रात्री एक म्हातारं माणूस आणि दोन-तीन लेकरं, एवढेच असतात. त्या घरांचा पत्ता कुणाला कळायला नको.

ही मागची ट्रॉली नीट बघा. दोन पेट्यांच्या मधे गोधडी अंथरून एक जागा केलेली असते. लेकरांची. यंदा या ट्रॉलीतल्या त्या जागेवर ज्वारीचं पोतं आहे. लेकरं शाळेच्या ओट्यावर उभी आहेत, हात हलवतायत. एक जण रडतोय, त्याला त्याच्याहून थोडी मोठी बहीण ओढून आत नेतेय.

ती जागा लेकरांविना कशी राहिली, हे कळायला महिना-दीड महिना मागे जावं लागेल, याच शाळेच्या व्हरांड्यात.

(व्हरांडा. सतरंजी. गोलाकार बसलेली माणसं, निम्म्या बायका. मधे हजेरीपट उघडा.)

जिल्हा परिषदेची प्राथमिक शाळा. पहिली ते पाचवी, शिक्षक दोन. आज शाळा व्यवस्थापन समितीची मासिक बैठक आहे. शिक्षण हक्काचा कायदा 2009 साली झाला, 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. त्याच्या कलम 21 नं सरकारी आणि अनुदानित शाळांना ही समिती दिली. सदस्यांतले तीन चतुर्थांश पालक, एकूण सदस्यांत निम्म्या महिला, वंचित घटकांतल्या मुलांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा. महाराष्ट्रात अध्यक्ष पालकांमधून निवडतात, मुख्याध्यापक सदस्य-सचिव असतात. शाळेच्या कामावर लक्ष ठेवायचं, आलेला पैसा कुठे गेला ते बघायचं, शाळेचा विकास आराखडा करायचा, ही तिची कामं.

तीन चतुर्थांश पालक. आणि दसऱ्यानंतर गावात पालकच नसतात. मग या समितीचं करायचं काय?

इथे कायद्यातला एक शब्द कामाला येतो. कलमात नुसते आईवडील म्हटलेलं नाही. आईवडील किंवा पालक असं म्हटलंय, आणि पालक म्हणजे ज्याच्या ताब्यात मूल आहे, जो त्याची काळजी घेतो तो. सतरंजीच्या त्या कोपऱ्यात डोक्यावर पदर घेऊन बसलेल्या आजीबाई याच शब्दाच्या जोरावर समितीत आल्या. पोरगा आणि सून दरवर्षी कारखान्याला जातात, तीन नातवंडं आजीजवळ. मराठवाड्यातल्या किती गावांमधे खरा पालक आजीच आहे, हे कायदा लिहिणाऱ्यांना ठाऊक होतं का, ते सांगता येणार नाही. पण जागा त्यांनी ठेवली, हे फार बरं झालं.

गुरुजी हजेरीपटावरून एकेक नाव वाचतात. प्रत्येक नावानंतर थांबतात.

"यांची उचल झालीय का?"

"झाली की. यंदा दोघं नवराबायको अन् थोरला पोरगा, दीड कोयता चाललाय."

"मग धाकटी?"

"ती न्यायची म्हणतेत. तान्हं हाय ना, त्याला धरायला कोण?"

गुरुजी नावापुढे खूण करतात.

या पाच मिनिटांच्या बोलण्यात जे आहे ते कुठल्याही कार्यालयाच्या तक्त्यात नसतं. कुणी कुठल्या मुकादमाकडून पैसे घेतले, कुणाच्या घरी म्हातारी आजारी आहे, कोण यंदा मुलीला मागे ठेवायला घाबरतंय. गुरुजी तालुक्याच्या गावाहून मोटारसायकलवर येतात, पाच वाजता परत जातात. त्यांना हे कळणार कसं? शिकवण्यात ते कुठे कमी नाहीत. पण समोर बसलेल्या मुलालाच शिकवता येतं. मूल नोव्हेंबरात गेलं आणि एप्रिलात आलं, की बाराखडीपासून पुन्हा सुरुवात. दोन वर्षं असं झालं की ते वर्गात मागे बसायला लागतं, तिसऱ्या वर्षी यायचंच बंद होतं.

म्हणून या गावात शाळा सुधारायची म्हणजे आधी मूल गावात थांबवायचं. रंगरंगोटी, टॅब, बोलक्या भिंती सगळं त्याच्यानंतर.

(फडावरची दृश्यं. धुकं. कोयत्यांचा आवाज. उसाच्या पाचटात बसलेली सात-आठ वर्षांची मुलगी, मांडीवर तान्हं मूल.)

फडावर गेलेलं लेकरू काय करतं? पोराला पोर सांभाळतं. कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत, पाणी भरतं, चूल पेटवतं, वाढ्यांच्या, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या, पेंढ्या बांधतं. ऊस न्यायला गाडी रात्री दोनला आली तर आईबाप मोळ्या वाहायला उठतात आणि लेकरं कोपीत एकटी. कागदावर सोय आहे: शिक्षण हमी पत्रक मिळतं, ते दाखवून कारखान्याजवळच्या शाळेत बसता येतं. काही मुलं बसतातही. पण फड सारखा बदलतो, शाळा लांब पडते, आणि तान्ह्याला धरायचं काम कुणीच पत्रकावर लिहून घेत नाही.

(संध्याकाळ. शाळेमागची खोली. तीन दगडांची चूल, मोठं पातेलं.)

गावात थांबवायचं तर मुलाच्या दोन वेळच्या जेवणाची सोय हवी. दुपारची शाळेत होते, पोषण आहारात. सकाळ-संध्याकाळचं काय? त्यासाठी स्थलांतर होणाऱ्या जिल्ह्यांत हंगामी वसतिगृहं चालतात, आणि ती चालवते हीच शाळा व्यवस्थापन समिती. नावात वसतिगृह असलं तरी बहुतेक गावांत मुलं झोपायला आजी-आजोबांकडे किंवा चुलत्याकडे जातात. जेवण, अभ्यास आणि लक्ष ठेवणारी माणसं, एवढं शाळेत.

यादी त्या बैठकीतच झाली. प्रस्ताव गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे गेला. पण खरं काम पुढे होतं, घरोघर जायचं. अध्यक्ष, आजीबाई आणि गुरुजी, तिघं संध्याकाळी निघायचे. मुलगा मागे ठेवायला लोक लवकर तयार होतात. मुलगी म्हटलं की आवाज खाली जातो. जमाना वाईट आहे म्हणतात. थोडी मोठी झाली की तिचं लग्नच उरकून टाकू म्हणतात, म्हणजे काळजी मिटली. अशा घरात अध्यक्ष गप्प बसायचे. आजीबाई बोलायच्या. "माझ्या नातीसंगं झोपल माझ्या घरी. तू आलीस का तुझी तुला मोजून देते." कायद्याचं एक कलम न सांगता त्यांनी चार मुली थांबवल्या.

आता हे पातेलं बघा. तुरीच्या डाळीचं कोरड्यास शिजतंय. भाकरी थापणाऱ्या दोघी गावातल्याच, त्यांचीही मुलं इथेच जेवणार. काय शिजवायचं, किराणा कुठून घ्यायचा, हे समिती ठरवते. पैसे पुष्कळदा उशिरा येतात आणि मुलांना भूक वेळेवर लागते. तोवर दुकानदाराकडे उधारी चालते, आणि ती चालते ती अध्यक्षांच्या शब्दावर. स्वतः दोन एकर कोरडवाहू असलेल्या माणसाच्या शब्दावर.

एक गोष्ट इथे बोललीच पाहिजे. अशी वसतिगृहं काही ठिकाणी कागदावरच चालल्याच्या तक्रारी झालेल्या आहेत. मुलं आईबापाबरोबर फडावर आणि वहीत त्यांचं जेवण रोज. समित्याही पुष्कळ शाळांत नावाला असतात. मुलाच्या हाती रजिस्टर घरी पाठवायचं, सही किंवा अंगठा आणायचा, झाली बैठक. ही फसवणूक आहे, आणि ती ज्यांच्या बाजूनं दाद मागायला कुणी मोठं माणूस गावात नाही अशा लेकरांची आहे. ती धरायची सगळ्यात सोपी जागा म्हणजे पातेलं. म्हणून इथे रोज संध्याकाळी समितीतला एक जण मुलांबरोबर पंगतीला बसतो. पाळी लावलेली आहे. डोकी मोजायची, जेवायचं, वहीत आकडा लिहायचा.

(जानेवारी. रात्र. शाळेची एक खोली, एक दिवा. मुलं वाचतायत.)

आणि हा दिवा. समग्र शिक्षा योजनेतून शाळेला वर्षाचं संयुक्त अनुदान मिळतं. पट 30 च्या वर आणि 100 पर्यंत असेल तर 25 हजार रुपये. किमान दहा टक्के स्वच्छतेवर खर्च करावे लागतात. वीजबिल, खडू, फळा, पंखा, दुरुस्ती, सगळं उरलेल्यात. यंदा या पैशावर बैठकीत भांडण झालं, चांगलं तासभर. एकाचं म्हणणं, दर्शनी भिंत रंगवू, केंद्रप्रमुख येतात, शाळा उठून दिसेल. एका आईनं विचारलं, मुलींच्या संडासाला आतून कडी कधी बसणार? रात्री पोरी इथं असतात, नळाला पाणी नाही, बाहेर दिवा नाही. शेवटी ठराव झाला: कडी, पाण्याची टाकी, बाहेरचा दिवा, आणि उरलेल्यातून गोष्टींची पुस्तकं. भिंत तशीच राहिली. आम्ही चित्रीकरण केलं तेव्हाही तिचे पोपडे निघालेले होते, तुम्हाला मागे दिसतील.

हाच ठराव पुढे विकास आराखड्यात जातो. कलम 22 सांगतं की शासनानं शाळेसाठी करायच्या नियोजनाचा आणि अनुदानाचा आधार समितीनं केलेला आराखडा असला पाहिजे. कडी हवी, हे वरून कुणाला सुचणार नाही. ते त्या आईलाच सुचतं जिची मुलगी रात्री तिथे जाते.

त्या बैठकीत आणखी एक गोष्ट घडली. समितीत चार सदस्य असे आहेत जे स्वतः कोयत्यावर गेलेत. अध्यक्षांनी त्यातल्या एकीला फोन लावला, स्पीकर सुरू करून मोबाईल सतरंजीच्या मधे ठेवला. पलीकडून ट्रॅक्टरचा आवाज, कुणीतरी ओरडतंय, मधेच आवाज तुटतो.

"काय विषय हाय भाऊ?"

"संडासाची कडी अन् पुस्तकं. तुमचं काय म्हणणं?"

"कडी बसवा. अन् गुरुजी, तिला वाचता येतंय का आता?"

गुरुजी म्हणाले, जोडाक्षरं अडतात अजून. "मग पुस्तकं बी घ्या," पलीकडून आलं, आणि फोन कटला.

गुरुजींनी पेन उचललं, थोडं थांबले. फोनवरच्या माणसाला उपस्थित धरता येत नाही, ते म्हणाले. पण म्हणणं लिहितो. आणि इतिवृत्तात तिच्या नावासह ते दोन वाक्यांत लिहिलं.

सगळं जमलं असं नाही. पहिलीतली सहा मुलं आईबरोबर गेलीच. पाच वर्षांच्या लेकराला मागे ठेवायला कुठली आई तयार होईल? त्यांना हमी पत्रक देऊन पाठवलं, दोघांचा कारखान्याजवळच्या शाळेतून निरोप आला, चौघांचा नाही. एक मोठी मुलगी जानेवारीत बापानं येऊन नेली, तान्ह्याला ताप होता. ती परत आली नाही. समितीच्या वहीत तिच्या नावापुढे नुसती तारीख आहे.

(मार्चअखेर. पळस फुललेला. रस्त्यावर ट्रॉल्या परत येताना.)

पाडव्याच्या आधी चार दिवस ट्रॅक्टर आले. काळवंडलेले चेहरे, हातांना उसाच्या पात्यांचे ओरखडे. आजीबाई दारात उभ्या. म्हटल्याप्रमाणे त्यांनी मुली खरंच मोजून दिल्या, एक, दोन, तीन, चार.

दुसऱ्या दिवशी फोनवर बोललेली ती आई शाळेत आली. म्हणाली, मी नव्हते तेव्हा काय काय ठरलं ते बघायचंय. गुरुजींनी इतिवृत्ताची वही पुढे केली. तिनं ती हातात घेतली, उलटी-सुलटी केली आणि चौथीतल्या लेकीकडे दिली. "तू वाच."

मुलगी ओट्यावर बसली. बोट ठेवून वाचायला लागली. तारीख, विषय क्रमांक एक, विषय क्रमांक दोन. "अनुमोदक" या शब्दाशी अडली, दोनदा मागे गेली, तिसऱ्यांदा म्हणाली. मग पुढच्या ओळीत आईचं नाव आलं. ती थांबली आणि वर बघितलं.

"काय लिवलंय?"

"कडी बसवा, असं तू म्हणालीस. अन् पुस्तकं घ्या."

"बरं," आई म्हणाली आणि तिच्या शेजारी टेकली. "फुडलं वाच."