दिवा घरातच होता

(दृश्य : बास्केटबॉलचं मैदान. भिंतीवर गुणफलक. घड्याळ थांबलेलं.)

१३ मार्च १९९८. ओक्लाहोमा सिटी. सामन्याचे अडीच सेकंद उरलेत. मिसिसिपी ६९, वाल्परायझो ६७. चेंडू वाल्परायझोच्या हातात, पण जवळजवळ अख्खं मैदान ओलांडून न्यायचाय. जेमी साइक्स लांबलचक पास देतो. बिल जेंकिन्स उडी मारतो आणि पाय खाली टेकायच्या आत चेंडू बाजूला सरकवतो. तिथे ब्राइस ड्रू धावत येतो. हा प्रशिक्षकाचाच मुलगा. तीन गुणांची फेक. ७०-६९.

अमेरिकेत कॉलेज बास्केटबॉल पाहणाऱ्यांना हा क्षण नुसता 'द शॉट' म्हटलं तरी कळतो. आणि ज्यांनी तो मारला त्या संघाचं नाव होतं क्रूसेडर्स. अंगावर चिलखत, हातात ढाल, सगळा थाट क्रूसाच्या नावानं लढायला निघालेल्या सरदाराचा.

फेब्रुवारी २०२१ मध्ये वाल्परायझो विद्यापीठानं जाहीर केलं, की क्रूसेडर आता निवृत्त.

(दृश्य : इंडियानातलं छोटं शहर. कॅम्पसवरचं उंच चॅपल.)

वाल्परायझो हे इंडियाना राज्यातलं गाव. शिकागोहून गाडीनं तासाभरावर. नाव मात्र चिलीमधल्या बंदराचं. हे शहर ज्या पोर्टर काउंटीत आहे, ती डेव्हिड पोर्टर या नौदल अधिकाऱ्याच्या नावानं ओळखली जाते, आणि हा गृहस्थ १८१४ मध्ये चिलीतल्या वाल्परायझोजवळ ब्रिटिशांशी लढला होता. हरला होता. तरी गावाला नाव त्याच लढाईच्या ठिकाणाचं. नावांचा आणि तर्काचा संबंध इथे आधीपासूनच जरा सैल आहे, असं म्हणायला हरकत नाही.

इथलं कॉलेज, म्हणजे आजचं विद्यापीठ, १८५९ चं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला परवडणाऱ्या फीमुळे लोक त्याला 'गरिबांचं हार्वर्ड' म्हणायचे. मग पैशांची चणचण आली. आणि १९२३ मध्ये ते विकत घ्यायला पुढे आली कू क्लक्स क्लॅन. पांढरे झगे घालून क्रूस जाळणारी, गोऱ्या वर्चस्ववाद्यांची तीच संघटना. त्या काळात इंडियानात तिचे सभासद लाखांच्या घरात होते. व्यवहार फिसकटला, आणि १९२५ मध्ये लूथरन, म्हणजे मार्टिन लूथर यांना मानणाऱ्या प्रोटेस्टंट पंथातल्या, मंडळींनी कॉलेज घेतलं. दोन वर्षांचा फरक. हे लक्षात ठेवू, पुढे लागणार आहे.

(दृश्य : जुना नकाशा. क्लेरमाँ ते जेरुसलेम.)

आता थोडं शब्दाविषयी. क्रूसेडला आपल्या शाळेच्या पुस्तकांत 'धर्मयुद्ध' म्हणतात. मराठी कानाला हा शब्द फारच सज्जन वाटतो. धर्मयुद्ध म्हटलं, की सूर्यास्तानंतर शस्त्रं खाली, निःशस्त्रावर वार नाही, असलं काहीतरी डोळ्यांपुढे येतं. प्रत्यक्षात काय झालं? १०९५ मध्ये पोप दुसरे अर्बन यांनी फ्रान्समधल्या क्लेरमाँ इथे हाक दिली. पुढच्याच वर्षी जेरुसलेमच्या वाटेवर निघालेल्या जमावांनी ऱ्हाइन नदीकाठच्या गावांतले ज्यू कापून काढले. १५ जुलै १०९९ ला जेरुसलेम पडलं, आणि शहरात मुसलमान आणि ज्यूंची कत्तल झाली. १२०४ मध्ये तर क्रूसेडर जेरुसलेमला पोचलेच नाहीत. त्यांनी कॉन्स्टँटिनोपल लुटलं. म्हणजे ख्रिश्चनांनी ख्रिश्चनांचंच शहर.

वाल्परायझोच्या बाबतीत आणखी एक गंमत आहे. हे विद्यापीठ लूथरन परंपरेतलं. क्लेरमाँच्या हाकेसोबत पोपनी शब्द दिला होता, की शुद्ध भावनेनं मोहिमेवर जाईल त्याला पापाच्या प्रायश्चित्तातून सूट. अशा सवलतींचा पुढे बाजार झाला, आणि त्या बाजाराविरुद्धच १५१७ मध्ये मार्टिन लूथर उभे राहिले. तुर्क युरोपच्या दारात आले, तेव्हाही १५२९ मध्ये त्यांनी लिहिलं, की लढायचं असेल तर सम्राटानं आपल्या प्रजेच्या रक्षणासाठी लढावं, चर्चच्या झेंड्याखाली नव्हे. आणि त्यांच्याच नावानं चालणाऱ्या विद्यापीठाचा संघ? क्रूसेडर्स.

मग हे नाव आलं कुठून?

(दृश्य : भाला घेतलेला प्रशियन घोडेस्वार.)

१९४२. त्याआधी इथल्या संघाला 'उलान' म्हणत. उलान म्हणजे प्रशियाच्या फौजेतला भालाईत घोडेस्वार. जर्मन मुळांच्या लूथरन लोकांना हे नाव आवडलं यात नवल नाही. पण अमेरिका हिटलरशी लढत असताना मैदानावर 'चला, प्रशियन भालाईत!' असं कोण ओरडणार? नाव बदललं. जर्मन स्वार उतरला आणि त्याच घोड्यावर क्रूसेडर बसला. गंमत म्हणजे उलान हा शब्दही मुळात जर्मन नाही, तो तुर्की 'ओग्लान'वरून, पोलंडमार्गे आलेला. तुर्की शब्द गेला आणि त्याच्या जागी तुर्कांशी लढणारा आला.

२०२१ मध्ये 'आमची परंपरा मोडली' म्हणून अनेक माजी विद्यार्थी हळहळले. त्यांचं दुःख खोटं नव्हतं. तारुण्यातली चार वर्षं ज्या नावानं घसा बसेपर्यंत ओरडलो, ते नाव उद्यापासून नको म्हटल्यावर कुणालाही लागेल. पण परंपरा होती ७९ वर्षांची, आणि ती सुरू झाली तीच मुळात नाव बदलून. कारणही जवळपास तेच होतं. बाहेरच्या जगात त्या शब्दाचा अर्थ फिरला होता.

या वेळी तो फिरवणाऱ्यांत पुन्हा क्लॅन होती. तिच्या एका गटाच्या मुखपत्राचं नावच 'द क्रूसेडर'. गोऱ्या वर्चस्ववाद्यांच्या मोर्चांतल्या ढाली आणि झेंड्यांवरही क्रूसेडरांची चिन्हं दिसू लागली होती. ज्या संस्थेला क्लॅननं एकेकाळी विकत घ्यायचा प्रयत्न केला, तिच्याच खेळाडूंच्या नावात आणि क्लॅनच्या वर्तमानपत्राच्या नावात आता फरक उरला नाही. प्राध्यापकांच्या आणि विद्यार्थ्यांच्या सिनेटनं ठराव केले. हंगामी अध्यक्षा कोलेट अर्विन-नॉट यांनी निर्णय जाहीर करताना सांगितलं, की या प्रतिमेशी जोडलेली हिंसा विद्यापीठाच्या मूल्यांशी जुळत नाही.

(दृश्य : इतर कॅम्पस, झरझर.)

वाल्परायझो काही पहिलं नव्हतं. इलिनॉयमधल्या व्हीटन कॉलेजनं २००० मध्येच क्रूसेडर सोडून 'थंडर' घेतलं. तेही इव्हँजेलिकल, म्हणजे कट्टर प्रोटेस्टंट वळणाचं कॉलेज, प्रसिद्ध धर्मप्रचारक बिली ग्रॅहम तिथलेच. कॅलिफोर्नियातलं पॉइंट लोमा नाझरीन समुद्रसिंहांकडे वळलं. मॅसॅच्युसेट्सच्या होली क्रॉस या जेझुइट (कॅथलिक धर्मगुरूंच्या एका संघाच्या) कॉलेजनं २०१८ मध्ये मधला रस्ता काढला. नाव क्रूसेडर्सच, पण चिलखतवाला सरदार बाद. विद्यार्थ्यांच्या वर्तमानपत्राचंही नाव 'द क्रूसेडर' होतं. त्यांनी मात्र ते बदलून 'द स्पायर' केलं. नाव ठेवायचं आणि चित्र काढून टाकायचं, हा तोडगा मला तरी पाटी तशीच ठेवून दुकान हलवल्यासारखा वाटतो. पण तो एकट्या होली क्रॉसचा नाही. १९९८ च्या त्या सामन्यात वाल्परायझोसमोर हरलेला मिसिसिपीचा संघ 'रेबेल्स', म्हणजे अमेरिकेच्या यादवी युद्धात गुलामगिरी टिकवायला लढलेल्या दक्षिणेचे बंडखोर. त्यांनी २००३ मध्ये 'कर्नल रेब' हा आपला म्हातारा शुभंकर मैदानावरून हटवला. नाव अजून रेबेल्सच आहे.

(दृश्य : चॅपलच्या रंगीत काचांतून येणारं ऊन.)

आता नवं नाव शोधायचं. विद्यापीठाचं ब्रीदवाक्य लॅटिनमध्ये आहे, छत्तिसाव्या स्तोत्रातलं : तुझ्या प्रकाशात आम्हाला प्रकाश दिसतो. विद्यार्थ्यांच्या वर्तमानपत्राचं नाव 'द टॉर्च', म्हणजे मशाल. विद्यापीठाचं नियतकालिक 'द क्रेसेट'. क्रेसेट म्हणजे खांबावर टांगलेली, आत जाळ पेटवलेली लोखंडी टोपली. वार्षिकांकाचं नाव 'बीकन', लांबून वाट दाखवणारा दिवा. जिकडे बघावं तिकडे उजेडच. फक्त खेळाडूंच्या वाट्याला तलवार आली होती. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात, तो वळसा १९४२ पासून सुरू होता.

१० ऑगस्ट २०२१ ला तेव्हा नुकतेच रुजू झालेले अध्यक्ष होसे पडिया यांनी नाव जाहीर केलं. वाल्परायझो बीकन्स.

काहींना ते मिळमिळीत वाटलं. बरोबरच आहे. समोरून बुलडॉग नाहीतर वाघ येतोय, आणि आपल्याकडून कोण, तर दिवा! आपण जेजुरीच्या दीपमाळेला हात जोडू, पण कबड्डीच्या संघाला 'दीपमाळ' नाव ठेवू का? शिवाय शुभंकर म्हणजे शेवटी मुखवटा चढवून मैदानाच्या कडेला नाचणारा, पोरांशी हात मिळवणारा एक माणूस. सरदाराचं सोपं होतं. शिरस्त्राण, ढाल, एक झगा, झालं काम.

(दृश्य : रिकामं मैदान. वरचे दिवे एकेक करून लागतात.)

उजेडाला अंगरखा कुठल्या मापाचा शिवायचा?